प्रत्येक शंकेला एक फ्लास्क

ओईसीडी, म्हणजे आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, हे नाव आपण बहुधा अर्थकारणाच्या बातम्यांत वाचतो. पॅरिसमध्ये मुख्यालय असलेल्या याच संघटनेने १९८१ पासून रसायनांच्या चाचण्यांची एक मार्गदर्शिका-माला प्रसिद्ध केली आहे. मालेतला प्रत्येक मजकूर त्याच्या क्रमांकाने ओळखला जातो. पदार्थ पाण्यात किती विरघळतो ते कसं मोजायचं, हे १०५ मध्ये आहे. नुसत्या पाण्याच्या क्रियेने तो किती वेगाने मोडतो, ते १११ मध्ये. आणि १७ जुलै १९९२ रोजी आजच्या रूपात स्वीकारला गेलेला ३०१ हा मजकूर पाण्यातले जीवाणू तो पदार्थ खाऊन संपवतात का, याचा निवाडा करतो.

प्रयोगशाळांमध्ये हे मजकूर कामापुरते उघडले जातात. तापमान किती, दिवस किती, किती टक्क्यांना पास, एवढं पाहून मिटले जातात. मला ते सलग वाचावेसे वाटतात, एकाच दीर्घ रचनेचे तीन भाग समजून. त्यांच्यावर लेखकाचं नाव नाही. त्यांत अलंकार नाहीत, विशेषणंही मोजकीच. पण चांगल्या लेखनाचा एक दुर्मीळ गुण त्यांत काठोकाठ भरला आहे: आपण काढणार असलेल्या निष्कर्षावर दुसऱ्या कोणी बोट ठेवण्याआधी हा मजकूर स्वतःच बोट ठेवतो. मनात येईल त्या प्रत्येक शंकेसाठी त्याने टेबलावर एक वेगळा फ्लास्क मांडून ठेवलेला असतो. या चाचण्यांचं सौंदर्य त्या मांडणीत आहे, आणि त्याचाच आस्वाद इथे घ्यायचा आहे.

फेसाचे डोंगर

कोणतीही रचना कुठल्या तरी दुखण्यातून येते. इथे दुखणी दोन आहेत, एक डोळ्यांना दिसणारं आणि एक न दिसणारं.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत साबणाची जागा कृत्रिम डिटर्जंटांनी घेतली. त्यांतला मुख्य घटक होता टेट्राप्रोपिलीन बेंझीन सल्फोनेट. मळ काढायला उत्तम, बनवायला स्वस्त. मात्र धुण्याचं पाणी सांडपाणी केंद्रातून नदीत पोचलं तरी यातला बराचसा भाग तसाच शिल्लक असायचा. १९५०च्या दशकात जर्मनी, ब्रिटन, अमेरिका इथल्या नद्यांमध्ये बंधाऱ्यांखाली फेसाचे डोंगर उभे राहू लागले. कारण रेणूच्या बांधणीत होतं. जीवाणू कार्बनची लांब साखळी टोकापासून दोन-दोन कार्बनांचे तुकडे तोडत खातात. या रेणूच्या साखळीला जागोजागी फांद्या फुटलेल्या होत्या आणि फांदीपाशी ही तोड अडत होती. उपाय निघाला तो सरळ साखळीचा, लिनियर अल्काइल बेंझीन सल्फोनेटचा. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला आणि १९६४ पासून तो लागू झाला. अमेरिकेतल्या उत्पादकांनी १९६५ पर्यंत आपणहून बदल केला.

दुसरं दुखणं जपानचं. १९६८ मध्ये पश्चिम जपानात तांदळाच्या कोंड्याच्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) हे औद्योगिक रसायन मिसळलं गेलं आणि ते खाल्लेली असंख्य माणसं आजारी पडली. इथे फेस नव्हता, दिसण्यासारखं काहीच नव्हतं. पीसीबी निसर्गात मोडत नाही, चरबीत साठत जातं, हे जगासमोर ठळकपणे आलं. १९७३ मध्ये जपानने कायदा केला: नवं रसायन बाजारात येण्यापूर्वीच ते निसर्गात मोडतं का ते तपासायचं. अपघातानंतर चौकशी करण्याऐवजी परवानगीच्या आधी प्रश्न विचारण्याची ही रीत त्या काळी नवी होती.

हा सगळा इतिहास ३०१ मध्ये एका वाक्यानेही सांगितलेला नाही, पण तो नावांतून डोकावतो. ३०१ मध्ये ए ते एफ अशा सहा पद्धती आहेत. बी ही सुधारित स्टर्म पद्धत. सर्फॅक्टंट, म्हणजे डिटर्जंटांतले मळ काढणारे घटक, कितपत मोडतात हे त्यांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरून मोजणाऱ्या संशोधकाचं नाव तिला आहे. सी ही सुधारित मिटी पद्धत, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आणि उद्योग मंत्रालयाची. देशोदेशींच्या अनुभवांना एका मजकुरात शेजारी-शेजारी जागा मिळाली आहे.

पहिला भाग: विरघळलं, की विरघळल्यासारखं दिसलं?

पदार्थ पाण्यात मोडतो का हे विचारण्याआधी तो पाण्यात जातो किती, हे ठाऊक हवं. म्हणून वाचन १०५ पासून सुरू करावं.

त्याची सुरुवात शाळेतल्या मुलालाही जमेल अशी आहे. बूच असलेल्या मोजपात्रात ०.१ ग्रॅम पदार्थ घ्यायचा आणि पाणी वाढवत न्यायचं: आधी ०.१ मिलिलिटर, मग ०.५, मग १, २, १०, आणि गरज पडली तर मोठ्या पात्रात १००. दर वेळी दहा मिनिटं हलवायचं आणि डोळ्यांनी पाहायचं. पहिल्याच टप्प्यावर सगळं विरघळलं तर विद्राव्यता लिटरला १००० ग्रॅमच्या वर, शंभर मिलिलिटरपर्यंत जावं लागलं तर लिटरला १ ते १० ग्रॅम. उपकरण एकही नाही, तरी अंदाज हातात येतो. पुढची अवघड पद्धत कोणती निवडायची ते या अंदाजावर ठरतं.

खरी गंमत मुख्य चाचणीत आहे. अंदाजाने जेवढा विरघळेल त्याच्या पाचपट पदार्थ तीन बंद पात्रांत घ्यायचा. चाचणीचं तापमान २० अंश. पण पात्रं हलवत ठेवायची ती ३० अंशांवर. एक पात्र एका दिवसाने काढायचं, दुसरं दोन दिवसांनी, तिसरं तीन दिवसांनी. आणि काढल्यावर प्रत्येक पात्र २० अंशांवर आणखी २४ तास ठेवून मग मोजायचं.

आधी ३० का? बहुतेक पदार्थ कोमट पाण्यात जास्त विरघळतात. तिथे जास्तीचा विरघळवून घेतला, की २० अंशांवर येताना नको असलेला भाग आपोआप बाहेर पडतो. पाक गार झाल्यावर साखरतो, तसाच. खालून वर चढत संपृक्ततेपर्यंत पोचायचं तर अजून थोडं विरघळायचं राहिलं असेल, ही धाकधूक कायम राहते. वरून खाली उतरताना ती राहत नाही. आणि तीन पात्रं कशासाठी? कारण वाचणारा विचारणारच: पुरेसा वेळ दिलात का? दुसऱ्या आणि तिसऱ्या पात्रातले आकडे १५ टक्क्यांच्या आत जुळले तर वेळ पुरेसा होता. आकडा दिवसागणिक चढतच असेल तर नव्याने, जास्त वेळ देऊन करा. तीन पात्रांची ही मांडणी म्हणजे एका प्रश्नाचं आधीच लिहून ठेवलेलं उत्तर आहे.

लिटरला १० मिलिग्रॅमहून कमी विरघळणाऱ्या पदार्थांसाठी मात्र ही पद्धत बाद होते, कारण तिथे शंका वेगळी आहे. जोरात हलवल्यावर पदार्थाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगतात. पाणी नितळ दिसतं, पण कण विरघळलेले नसतात, आणि मोजणी त्यांनाही विरघळलेलं धरून आकडा फुगवते. म्हणून इथे हलवणंच बंद. काचेच्या मण्यांवर किंवा वाळूवर पदार्थाचा पातळ लेप द्यायचा, ते नळीत भरायचं आणि त्यातून पाणी अगदी संथ वाहू द्यायचं. येणाऱ्या पाण्यातला आकडा स्थिर झाला, की तीच विद्राव्यता. प्रवाहाचा वेग बदलूनही आकडा टिकला तर विश्वास आणखी वाढतो. विद्राव्यता हीच, पण शंका बदलताच मजकुराने हत्यार बदललं.

दुसरा भाग: एकटं पाणी

मार्गदर्शिका १११ चा विषय हायड्रॉलिसिस: पाण्याच्या रेणूने पदार्थाचा बंध तोडणं. ॲस्पिरिनची जुनी बाटली उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो तो याच क्रियेमुळे. हवेतल्या दमटपणाने ॲस्पिरिन मोडून सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसिटिक आम्ल तयार होतं. मॅलॅथिऑनसारखं कीटकनाशक आम्लधर्मी पाण्यात बराच काळ टिकतं, आणि अल्कधर्मी पाण्यात फार लवकर मोडतं. म्हणून मार्गदर्शिका तीन पाणी घ्यायला सांगते: पीएच ४, ७ आणि ९.

या मजकुराचं सौंदर्य वगळण्यात आहे. पदार्थ कमी झाला तर कारणं अनेक असू शकतात. प्रकाशाने मोडला असेल? मग अंधारात ठेवा. जीवाणूंनी खाल्ला असेल? मग द्रावण निर्जंतुक करा. ऑक्सिजनने जाळला असेल? मग आधी पाच मिनिटं नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडून विरघळलेला ऑक्सिजन हाकलून द्या. एकेक संशयित दाराबाहेर जातो आणि शेवटी खोलीत फक्त पाणी आणि पदार्थ उरतात. शिवाय पदार्थाचं प्रमाण त्याच्या विद्राव्यतेच्या निम्म्याहून जास्त घ्यायचं नाही, म्हणजे तळाशी न विरघळलेला साठा राहून हिशेब बिघडणार नाही. पहिल्या भागात मिळवलेला आकडा इथे कामाला येतो. रचना म्हणून हे तीन मजकूर एकमेकांत कसे गुंफले आहेत, ते अशा जागी दिसतं.

आणि मग वेळेचा प्रश्न. एखादा पदार्थ पाण्यात वर्षभर टिकतो का हे पाहायला वर्षभर थांबायचं का? प्राथमिक चाचणी ५० अंशांवर पाच दिवस होते. पाच दिवसांत दहा टक्क्यांहून कमी पदार्थ मोडला तर २५ अंशांवर त्याचं अर्धआयुष्य एक वर्षाहून जास्त, असं मानून पदार्थ पाण्यात स्थिर ठरतो. हा दावा वाचून मी कागद घेतला. पाच दिवसांत दहा टक्के म्हणजे ५० अंशांवरचं अर्धआयुष्य सुमारे ३३ दिवस. ते एका वर्षाला पोचायचं तर वेग साधारण अकरा पटींनी घटायला हवा. दर दहा अंशांना वेग अडीच-पावणेतीन पटींनी घटतो असं धरलं, तर पंचवीस अंशांच्या उतरणीत तेवढी घट होते, आणि अनेक रासायनिक क्रियांचा अनुभव त्याच आसपासचा आहे. पाच दिवस, पन्नास अंश, दहा टक्के, हे तीन आकडे कोणी सोयीचे म्हणून निवडलेले वाटत होते. त्यांच्या पाठीमागे तापमान आणि वेग यांचं नातं सांगणारं अऱ्हेनियसचं समीकरण शांतपणे उभं आहे.

पदार्थ मोडत असेल तर मजकूर पुढची पायरी चढतो: वेगवेगळ्या तापमानांवर मोजा, आणि दहा टक्क्यांहून जास्त प्रमाणात काही नवं तयार झालं असेल तर ते काय आहे ते ओळखा. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. मोडण्याने पदार्थ दुसऱ्याच रूपात पाण्यात उरलेला असू शकतो, आणि ते रूप निरुपद्रवी असेलच असं नाही.

तिसरा भाग: अठ्ठावीस दिवसांचा उपास

आता ३०१. इथे प्रयोगशाळेत जिवंत पात्रं येतात.

फ्लास्कमध्ये आधी खनिज द्रावण घालतात: फॉस्फेट, अमोनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह. जीवाणूंना जगायला लागणारं जवळजवळ सगळं यात आहे. नाही तो फक्त कार्बन. तो मुद्दाम वगळलेला आहे. मग सांडपाणी केंद्रातून आणलेला थोडा ॲक्टिव्हेटेड स्लज, म्हणजे जीवाणूंचा साठा, आणि शेवटी तपासायचा पदार्थ. आता पात्रात कार्बनचा एकच लक्षणीय स्रोत आहे, तो म्हणजे हा पदार्थ. जीवाणूंना तो खाता आला तर ते वाढतील, नाही तर उपाशी राहतील. हवेशीर, अंधारात किंवा मंद उजेडात, २२ अंशांच्या आसपास, अठ्ठावीस दिवस. तापमान ठिकाण पाहून बदलत नाही. मे महिन्यात नागपूरच्या एखाद्या प्रयोगशाळेने ही चाचणी लावली, तर तिथला इन्क्युबेटर उष्णता पुरवण्याऐवजी दिवसभर गारवा राखत बसेल.

मजकूर इथे मुद्दाम कठोर होतो, आणि ही कठोरता समजल्याशिवाय त्याचा रस कळत नाही. स्लज घ्यायचा तो लिटरला फार तर ३० मिलिग्रॅम, तर खऱ्या सांडपाणी केंद्राच्या वायुवीजन टाकीत तो लिटरला काही हजार मिलिग्रॅम असतो. त्या जीवाणूंना तपासायच्या पदार्थाची आधी सवय करून देण्याला सक्त मनाई. मिटी पद्धत तर दहा वेगवेगळ्या ठिकाणांहून जीवाणू गोळा करायला सांगते, म्हणजे एखाद्या कारखान्याजवळच्या, त्याच रसायनावर पोसलेल्या जीवाणूंचा वरचष्मा राहणार नाही. सगळी परिस्थिती पदार्थ नापास व्हावा अशी रचलेली आहे. तरीही जो पास होतो, त्याच्याबद्दल मजकूर ठामपणे बोलू शकतो: हा पदार्थ निसर्गात आणि सांडपाणी केंद्रात लवकर आणि पूर्णपणे मोडेल.

आता फ्लास्क मोजू या. तपासायच्या पदार्थाचे दोन, कारण एकाच फ्लास्कचा निकाल योगायोग असू शकतो, आणि त्या दोघांतला फरक शेवटी २० टक्क्यांच्या आत हवा. ब्लँक दोन: स्लज आणि खनिज द्रावण, पदार्थ नाही. उपाशी जीवाणूही श्वास घेतात, एकमेकांच्या मेलेल्या पेशी खातात. त्यांचा तो श्वास वजा केल्याशिवाय पदार्थाचा हिशेब खरा ठरत नाही. कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या पद्धतीत तर ब्लँकमधून लिटरला साधारण ४० मिलिग्रॅमहून जास्त वायू निघता कामा नये, नाही तर तो स्लजच पुरेसा रिकामा नव्हता.

मग संदर्भ पदार्थाचा फ्लास्क. पदार्थ मोडला नाही तर लगेच प्रश्न येईल: जीवाणू जिवंत तरी होते का? म्हणून सोडियम बेंझोएट, सोडियम ॲसिटेट किंवा ॲनिलीन यांपैकी एक, हमखास मोडणारा पदार्थ वेगळ्या फ्लास्कमध्ये लावतात. तो चौदा दिवसांत पास झाला नाही, तर सगळी चाचणीच रद्द. सोडियम बेंझोएटची निवड मला विशेष आवडते. सॉसच्या आणि सरबताच्या बाटल्यांवर हे नाव आपण वाचतो. तिथे ते आंबट माध्यमात बुरशी रोखून धरतं. इथे, जवळजवळ उदासीन पाण्यात, तेच जीवाणूंचं सोपं जेवण ठरतं. पदार्थाचा स्वभाव भोवतालच्या पाण्यावर किती अवलंबून असतो, ते या एका निवडीत दिसतं.

पुढची शंका आणखी बारीक आहे. पदार्थ मोडला नाही तो जीवाणूंना खाता आला नाही म्हणून, की त्याने जीवाणूंनाच मारलं म्हणून? त्यासाठी एक फ्लास्क असा, ज्यात तपासायचा पदार्थ आणि संदर्भ पदार्थ दोन्ही एकत्र. चौदा दिवसांत तिथे ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइडच्या मापाने २५ टक्केही प्रगती झाली नाही, तर पदार्थ विषारी मानायचा आणि चाचणी कमी प्रमाणात पुन्हा लावायची. आणि निर्जंतुक केलेला एक फ्लास्क हवा तर तोही लावता येतो: जीवाणूंशिवायच पदार्थ नाहीसा होतोय का, काचेला चिकटतोय का, हे पाहायला. एका साध्या प्रश्नाभोवती एवढे पहारेकरी.

मोजायचं काय, यातही मजकूर सावध आहे. डिटर्जंटच्या जुन्या कायद्यांत मेथिलीन ब्लू या रंगाच्या साहाय्याने मूळ सर्फॅक्टंट किती उरला, एवढंच पाहत. तो दिसेनासा झाला की काम झालं. पण नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट नावाच्या डिटर्जंट घटकांनी हा समज मोडला. त्यांचा मूळ रेणू मोडतो, पण वाटेत नोनिलफिनॉल तयार होतं, जे मूळ पदार्थापेक्षा जास्त विषारी आणि चिवट आहे. १९८४ मध्ये स्विस संशोधकांनी सांडपाण्याच्या गाळात ते मोठ्या प्रमाणात असल्याचं दाखवलं. म्हणून ३०१ मूळ रेणूचा शोध न घेता शेवटचा मुक्काम मोजतो: पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन किती उरला, ऑक्सिजन किती लागला, किंवा कार्बन डायऑक्साइड किती निघाला.

या तिन्हींपैकी स्टर्म पद्धतीचं काम पाहताना मी हरखून जातो. फ्लास्कमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकलेली हवा बुडबुडत जाते. बाहेर पडणारी हवा ओळीने लावलेल्या बेरियम हायड्रॉक्साइडच्या बाटल्यांतून जाते. जीवाणूंनी पदार्थाचा कार्बन जाळला, की बाटलीत पांढरा साका बसू लागतो. तो बेरियम कार्बोनेट. उरलेलं बेरियम हायड्रॉक्साइड आम्लाने टायट्रेट केलं, की श्वासाचा आकडा मिळतो. एक मिलिग्रॅम कार्बन पूर्ण जळला तर ३.६७ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड. त्या सैद्धांतिक कमाल आकड्याच्या किती टक्के आलं, तो निकाल. आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मजकुराला शेवटची शंका येते: काही कार्बन डायऑक्साइड पाण्यातच कार्बोनेट होऊन राहिला असेल का? म्हणून प्रत्येक फ्लास्कमध्ये थोडं तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालून रात्रभर हवा सोडायची आणि एकोणतिसाव्या दिवशी शेवटचं रीडिंग घ्यायचं. काम संपलं असं वाटत असताना पाण्यात दडलेला शेवटचा श्वासही मोजून घेणं, ही या मजकुराची शैली आहे.

बंद बाटलीची पद्धत त्याहून साधी. पर्यावरणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून गेलेली बीओडीची (जैविक ऑक्सिजन मागणीची) बाटली, काठोकाठ भरलेली, हवेचा एक बुडबुडाही नाही. ठरावीक दिवशी बाटली उघडायची आणि ऑक्सिजन किती संपला ते पाहायचं. मोजण्याची रीत लायोश विंकलर यांची, १८८८ सालची, बुडापेस्टची: मँगनीजचा तपकिरी साका, आम्लाने मोकळं झालेलं आयोडीन, आणि थायोसल्फेटच्या थेंबांखाली विरत जाणारा स्टार्चचा निळा रंग. भारतातल्या प्रदूषण नियंत्रणाच्या प्रयोगशाळांत २७ अंशांवर तीन दिवसांची जी बीओडी चाचणी रोज होते, तिचं हे सख्खं भावंड आहे. फरक प्रश्नाचा आहे. बीओडी विचारते, या पाण्यात कुजण्यासारखं किती आहे. बंद बाटली विचारते, हा एक पदार्थ कुजतो का.

सहा पद्धती ठेवण्यातही विचार आहे. विरघळलेला कार्बन मोजायचा तर पदार्थ लिटरला किमान १०० मिलिग्रॅम विरघळायला हवा. पहिल्या भागाचा आकडा पुन्हा इथे येतो. न विरघळणाऱ्या तेलकट पदार्थासाठी ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइडची पद्धत. उडून जाणाऱ्यासाठी बंद बाटली. पदार्थाच्या स्वभावाप्रमाणे परीक्षक बदलतो, निकषाचा गाभा मात्र एक राहतो.

निकालाची भाषा

निकष असा: विरघळलेल्या कार्बनच्या मापाने ७० टक्के, ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइडच्या मापाने ६० टक्के. शंभर का नाही? कारण जीवाणू खाल्लेल्या कार्बनचा एक भाग जाळतात आणि एका भागाची नवी पेशी बांधतात. पेशीत बसलेला कार्बन वायू होऊन बाहेर येत नाही, पण मूळ पदार्थ म्हणूनही उरत नाही. विरघळलेल्या कार्बनच्या मापात तो पाण्यातून गेला म्हणून मोजला जातो, म्हणून तिथे पट्टी वर, ७० वर. दोन आकड्यांतल्या दहा टक्क्यांच्या फरकात जीवाणूंच्या वाढीचा हिशेब सामावला आहे.

त्यावर वेळेची अट. मोडण्याचा आलेख सुरुवातीला सपाट असतो, जीवाणू पदार्थ चाखत असतात. दहा टक्के झालं, की दहा दिवसांची मुदत सुरू होते आणि त्या मुदतीत पास व्हायला हवं. पहिला आठवडा गप्प बसून मग झपाट्याने चढणारा पदार्थ पास होतो. अठ्ठावीस दिवस रखडत रखडत ६० टक्क्यांवर पोचलेला होत नाही. मिटी पद्धतीला ही दहा दिवसांची अट लागत नाही. हे वाचताना कळतं, की मजकुराला आलेखाच्या शेवटच्या बिंदूइतकाच त्याचा उठाव महत्त्वाचा वाटतो. न मोडणाऱ्या पदार्थांचा आलेख तर वाचायला लागतच नाही. २००९ मध्ये चिवट रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत आलेल्या पीएफओएससारख्या पूर्ण फ्लोरिनयुक्त रेणूंची रेघ ब्लँकच्या रेघेवरच निजून राहते. कार्बन-फ्लोरिन बंधाला हात घालणारा जीवाणू त्या फ्लास्कमध्ये नसतो.

आणि इथेच मजकुराची सगळ्यात मोठी समज दिसते. पास म्हणजे बरंच काही, नापास म्हणजे थोडंच. नापास झालेला पदार्थ निसर्गात टिकतोच असं तो म्हणत नाही, कारण चाचणी मुद्दाम कठीण केली होती. त्यासाठी पुढच्या पायऱ्या आहेत. ३०२ बी, म्हणजे झान-वेलेन्स चाचणी, कितीतरी जास्त स्लज देऊन विचारते की अनुकूल परिस्थितीत तरी हा मोडतो का. ३०९ खऱ्या नदी-तळ्याचं पाणी घेऊन, लिटरला मायक्रोग्रॅमच्या घरातल्या प्रमाणावर, निसर्गाच्या जवळ जाते. आपल्या निकालाचा अर्थ नेमका किती आणि तो कुठे संपतो, हे निकालासोबतच सांगणारा मजकूर विरळा.

या प्रामाणिकपणाला व्यवहारातही वजन आहे. १९८१ च्या ओईसीडीच्या निर्णयानुसार, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत या पद्धतीने मिळालेला निकाल सदस्य देश परस्परांत स्वीकारतात. २०११ मध्ये भारत या व्यवस्थेत पूर्णपणे सहभागी झाला. महाड-रोह्याच्या पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्याचं नवं रसायन भारतातल्या मान्य प्रयोगशाळेत तपासलं, तर युरोपात नोंदणीसाठी तीच चाचणी पुन्हा करावी लागत नाही. युरोपात वर्षाला एक टनापासूनच पाण्यातली विद्राव्यता आणि सहज जैवविघटन (३०१ चा प्रश्न) यांची माहिती मागतात, दहा टनांपासून हायड्रॉलिसिसचीही. म्हणजे या लेखात वाचलेले तिन्ही मजकूर कोकणातल्या कारखानदाराच्या टेबलावर खरोखर येतात.

मात्र मजकूर जितका काटेकोर, तितकी त्याची नक्कल सोपी. युरोपच्या डिटर्जंट नियमांत सर्फॅक्टंटसाठी ६० टक्के आणि अठ्ठावीस दिवस ठेवले आहेत, पण दहा दिवसांची मुदत लागू नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. नियमाने उघडपणे शिथिल केलेली अट ठीक. अडचण बाटलीवरच्या एका शब्दाची. 'जैवविघटनशील' असं लिहिलेलं साबणाचं किंवा फिनाइलचं लेबल हाती आलं, तर ३०१ ने शिकवलेले प्रश्न विचारावेत. कोणत्या पद्धतीने मोजलं? मूळ रेणू नाहीसा झाला, की त्याचा कार्बन वायू झाला? किती दिवसांत, आणि मुदतीची अट धरून की सोडून? त्याच वेळी लावलेला संदर्भ पदार्थ पास झाला होता का? ज्या दाव्याला ही चार उत्तरं देता येत नाहीत, त्याला चाचणीचा आधार आहे असं मानायचं कारण नाही. ३०१ आपल्या प्रत्येक निकालामागे हे प्रश्न स्वतःला विचारतो आणि उत्तर म्हणून फ्लास्क मांडतो. पाण्यात काय सोडायचं याचा निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाकडून तेवढीच अपेक्षा ठेवायला या मजकुराने आपल्याला शिकवलं आहे.